सशाबरोबरची वाईन

"त्या घरात कुणी हसायला लागलं की आधी बघायचं, कुणाला हसताहेत," ऑर्सोलामावशी म्हणाली होती. "आणि तुझा नवराही हसत असेल तर दोनदा बघायचं."

लग्नाला आठ दिवस उरले होते. नेपल्ससमोरच्या बेटावर, कासामिच्चोलाच्या धक्क्यावर मावशीची मासळीची टपरी होती आणि मावशी माकुलं साफ करत बसली होती. तिचे हात त्यांच्या शाईनं कोपरापर्यंत काळे झालेले. रेस्तितुता समोरच्या उलट्या घातलेल्या टोपलीवर बसून लग्नाच्या बुटांचा पट्टा सैल करत होती.

"चेष्टा करतात गं ती माणसं, मावशी. जिवंत घर आहे. आपल्याकडे बाबा गेल्यापासून कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही."

"चेष्टा मीही करते. पण त्यांच्याकडे चेष्टेला आधी चार दिवस उपाशी ठेवतात आणि मग माणसावर सोडतात."

"तू कोळीण आहेस का वकील?" रेस्तितुता म्हणाली आणि हसली. नेपल्सला कॉलेजात चार वर्षं काढलेली मुलगी ती. अन्नशास्त्र शिकलेली, प्रयोगशाळेत कोट घालून वावरलेली. मासळी विकणाऱ्या मावशीचं म्हणणं तिनं एका कानानं ऐकलं आणि बूट घेऊन घरी गेली.

सेर्रारा गावाच्या खालच्या अंगाला तिच्या सासरचा मळा होता. डोंगर उतरत समुद्राकडे गेलेला आणि दगडी बांध घालून त्याच्या पायऱ्या केलेल्या. खालची, मधली आणि वरची. तिन्हींत एकच वेल, बियांकोलेल्ला, बेटावरची पांढरी वाईन जिच्यापासून होते ती. पण सासरे आनिएल्लो या तीन पायऱ्यांचा रस कधी एकत्र होऊ देत नसत. तिघींची पिंपं वेगळी, तिघींचे बुधले वेगळे, आणि तिघींची ताटंही वेगळी.

"खालचीनं जन्मभर समुद्र बघितलाय," ते गिऱ्हाइकांना सांगत. "हिच्याबरोबर शिंपल्यातल्या तिसऱ्या खा, तळलेली बारीक मासळी खा. लिंबू मागाल तर बिल घ्या आणि उठा. मीठ ती घरूनच घेऊन येते. मधली सुगरण आहे. तिला भोपळ्याची फुलं द्या, वालाचं सूप द्या, कालचं चीज द्या. आणि वरची..." इथे ते थांबत. "वरचीला ससा."

ससा म्हणजे त्यांच्या खड्ड्यातला ससा. मळ्याच्या कडेला दोन पुरुष खोल खड्डा, त्याच्या भिंतींत सशांनी स्वतःच कोरलेली बिळं. वरून पाला टाकायचा, उन्हं कलली की ससे बाहेर येतात. मातीच्या भांड्यात लसणाच्या अख्ख्या गड्ड्या, टोमॅटो, डोंगरावरचा ओव्यासारखा रानपाला आणि त्याच वरच्या पायरीची वाईन घालून तो शिजवायचा. "पहिल्या घोटाला डोंगरावरची पिवळी फुलं," आनिएल्लो पेला उजेडाकडे धरून म्हणत, "शेवटच्याला कडू बदाम. आणि मधल्या वेळात तोंड बंद."

थोरला मुलगा नार्दो घराला लागून खाणावळ चालवायचा. आठ टेबलं. बोटीनं आलेले लोक डोंगर चढून येत ते जेवायला जितके, तितकेच म्हाताऱ्याचं हे बोलणं ऐकायला. तळघराची किल्ली म्हाताऱ्याच्या कमरेला असे. मुख्य भूमीवरून टँकरनं येणारी स्वस्त वाईन थोडी थोडी मिसळावी असं नार्दोच्या मनात कित्येक वर्षं होतं; पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असल्यावर मनात असून काय उपयोग!

रेस्तितुताला सगळे तूता म्हणत. लग्नानंतर दीड वर्षानं, नोव्हेंबरात तिला मुलगी झाली. घरच्या रिवाजाप्रमाणे वारलेल्या सासूचं नाव ठेवलं, फिलोमेना. मेना. आणि मेना आल्यापासून तूताची झोप उडाली. पोर रडली तरी ती उठायची आणि रडली नाही तरी उठायची, श्वास चालतोय ना ते बघायला. तिचा नवरा वीतो म्हणायचा, "अगं, ती मेली नाही, झोपली आहे!" असलं बोलून तो स्वतःच हसायचा.

मार्चमधल्या एका रविवारी, झोपेनं डोळे मिटत असताना तूतानं चुकीचा जग टेबलावर आणला. ताटात ससा आणि जगात खालच्या पायरीची वाईन. एक घोट घेतल्याबरोबर तिच्या जिभेवर समुद्र आला आणि ती दचकली. आता म्हातारा पेला उलटा करणार! तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी पेला उजेडाकडे धरला, हुंगला, डोळे मिटले.

"पिवळी फुलं," ते म्हणाले. "यंदा जास्तच आहेत. आणि बदाम बघा कसा मागून येतो."

"येतो, येतो," नार्दो तोंडात घास ठेवून म्हणाला. कुणीच काही ताडलं नाही. त्या घरात चाळीस वर्षं म्हाताऱ्याचं नाक सगळ्यांच्या वाट्याचं काम करत होतं, त्यामुळे बाकीच्यांनी आपापली नाकं वापरायचं सोडूनच दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेनाला कडेवर घेऊन तळघरात उतरली. सासरे पिंपाच्या तोट्या पुसत होते. तिनं दोन पेले पुढे केले.

"पापा, यातली वरची कुठली?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "विचारायला आली आहेस का पकडायला?"

"विचारायला."

ते पिंपावर टेकले. तीस पिढ्यांचा मालक असल्यासारखा ताठ बसणारा माणूस, आज पाठ वाकवून बसला. "दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना, त्यानंतर. सकाळी कॉफी ठेवली आणि वासच येईना. मला वाटलं एर्सीलियानं पूड घातलीच नाही. तिला शिव्या घातल्या बिचारीला." एर्सीलिया म्हणजे नार्दोची बायको.

"चव?"

"आंबट कळतं, खारट कळतं, कडू कळतं. शेजारच्या घरात लग्न चाललेलं असावं ना, तसं. ढोल ऐकू येतो, नवरी दिसत नाही."

"मग तुम्ही सांगता कसं?"

"ताटात बघतो." ते ओशाळं हसले. "ताटात ससा असेल तर वरची. तिसऱ्या असतील तर खालची. या घरात हा नियम मीच घातलाय, पोरी. तो मोडणार कोण?"

"मी मोडला. काल."

"हं. म्हणजे काल मी समुद्र पिऊन डोंगराच्या गोष्टी सांगितल्या." मग त्यांनी मेनाचं पाऊल हातात धरलं आणि पावलाकडे बघतच म्हणाले, "नार्दोला कळलं तर किल्ली जाईल. किल्ली गेली की मी गेलो. चिरलेलं पिंप या घरात कोपऱ्यातसुद्धा ठेवत नाहीत, तूता, जाळायला काढतात. कुणाला सांगू नकोस. वीतोलासुद्धा नाही."

तिनं वचन दिलं. आणि त्या दिवसापासून ती त्यांचं नाक झाली. सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी ती प्रत्येक बुधला हुंगायची आणि तिला काय वाटलं ते सांगायची, आणि त्यावरून म्हातारा सांगायचा की कुठल्यातला रस अजून आंबतोय, कुठल्याचा गाळ काढायला हवा, कुठला सणापर्यंत थांबेल. चार वर्षांच्या कॉलेजात तिला जे कुणी सांगितलं नव्हतं ते तिनं चार महिन्यांत ऐकलं. टेबलासाठी त्यांनी एक खूण ठरवली होती. वाईनमध्ये काही खोट असली तर तूतानं पावाचा कडक तुकडा त्यांच्या ताटात टाकायचा. तो दिसला की ते खोकायचे, आज घसा बरा नाही म्हणायचे आणि पेला बाजूला सारायचे. दोनदा तिनं तुकडा टाकला. दोन्ही वेळा निभावलं.

मग ऑगस्ट आला.

त्या दुपारी खाणावळ गच्च भरलेली होती आणि तूता एर्सीलियाबरोबर स्वयंपाकघरात मासे तळत होती. नऊ महिन्यांची मेना आजोबांजवळ होती. तिला भूक लागली तसं त्यांनी टेबलावरचं दूध घेतलं, कोमट केलं, त्यात बिस्किट कुस्करलं आणि भरवलं. दूध सकाळपासून उन्हात राहिलेलं होतं. तूता आली तेव्हा वाटी रिकामी होती आणि खोलीत शिरल्याबरोबर तिला तो आंबूस, कुबट भपका आला. तो भपका म्हाताऱ्याच्या नाकाखाली, वाटीत, चमच्यावर, पोरीच्या ओठांवर होता.

"खाल्लं सगळं," ते खूश होऊन म्हणाले. "आजोबाच्या हातचं म्हटल्यावर!"

बेटावरच्या दवाखान्यात मेना दोन दिवस सलाइनवर होती. तिच्या मुठीएवढ्या हाताला सुई लावायला नर्सला तीनदा टोचावं लागलं. पोरीचे डोळे आत गेले होते आणि ती रडायचीही थांबली होती, आणि तूताला ते रडणं थांबणंच सोसेना. दुसऱ्या दिवशी पहाटे व्हरांड्यात वीतोनं विचारलं, "पण म्हाताऱ्याला वास कसा आला नाही?" तेव्हा तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. मार्चमधला रविवार, ताटातला ससा, पावाचा तुकडा.

"शपथ घे, नार्दोला सांगणार नाहीस," ती म्हणाली. "पोरीला त्यांच्याजवळ एकटं सोडायचं नाही, एवढंच आपण बघू."

"घेतली," वीतो म्हणाला.

त्यानं आठवडाभर पाळली असावी. पुढच्या रविवारी नार्दो जेवताना म्हाताऱ्याकडे बघून मध्येच हसला तेव्हा तूताला काय ते कळलं. तिला वाटलं, आता भांडण होणार, किल्ली मागणार. नार्दोनं काहीच मागितलं नाही. उलट तो भलताच गोड वागू लागला. "पापा, यंदा काय म्हणतात पिवळी फुलं?" असं रोज विचारायचा, म्हातारा सांगायचा, आणि नार्दो मान डोलवायचा.

ऑक्टोबरात वरच्या पायरीचा एक बुधला बिघडला. कुणीतरी गाळावर तसाच विसरला होता. तूतानं बूच काढलं आणि तोंड फिरवलं. सडक्या अंड्याचा वास. रंग मात्र चोख, फिकट गवतासारखा. आणि जिभेच्या टोकाला लावली तर चवीतही विशेष काही खुपत नव्हतं, सगळी घाण वासात.

"ओतून टाका हे," ती नार्दोला म्हणाली.

नार्दोनं वाकून हुंगलं, शिवी घातली आणि बूच परत घट्ट बसवलं. "असू दे. कामाला येईल."

सेंट मार्टिनच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला, बेटावर घरोघरी नवी वाईन उघडतात आणि शेजारीपाजारी जेवायला बोलावतात. त्या सकाळी तूता पाव कापत होती. वीतो मागून आला. त्यानं तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवली.

"आज गंमत आहे. तू मध्ये पडू नकोस."

तिचा हात थांबला. "कसली गंमत? वीतो, तो बुधला..."

"नार्दो म्हणतो, पुढच्या वर्षापासून किल्ली तुझ्याकडे. शिकलेली आहेस, नाक आहे, बाई असली म्हणून काय झालं! घरात नाही नाही म्हणत सगळ्यांना तू पसंत आहेस." तो हसला. "आणि म्हाताऱ्यानं पोरीला जवळपास मारलंच होतं ना? का विसरलीस?"

ती विसरली नव्हती. रोज रात्री उठून ती पोरीच्या नाकाशी बोट धरत होती. पण तळघराचा जिना समोर होता, सासरे खाली होते, आणि अजून तीन तास होते. तीन तासांत चार वाक्यं सांगायला किती वेळ लागतो? तिनं पाव कापला, टेबलक्लॉथ अंथरला, मेनाला आंघोळ घातली, तिच्या केसांना फीत लावली. जिन्यापाशी दोनदा जाऊन आली. सांगायचं तर आपण वचन मोडलं हेही सांगावं लागणार, असं तिला वाटलं. आणि किल्ली! ते मात्र ती स्वतःशीसुद्धा बोलली नाही. शेवटी तिनं पावाचा एक कडक तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकला आणि ठरवलं, वेळ येईल तेव्हा बघू.

जेवायला चौदा माणसं होती. शेजारचे, चर्चचा घंटावाला, आणि नार्दोचा खास पाहुणा, नेपल्सचा कापेचे. त्याची तिकडे दोन मोठी रेस्टॉरंटं. आनिएल्लोंनी पांढरा सदरा घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. तिसऱ्या आल्या, खालची वाईन आली, ते बोलले. भोपळ्याची फुलं आली, मधली आली, ते बोलले. कापेचे खिशातली वही काढून लिहून घेत होता. "काय माणूस आहे!" तो नार्दोला म्हणाला.

"अजून कुठे काय ऐकलंत," नार्दो म्हणाला.

मग ससा आला. मातीचं भांडं मधोमध ठेवलं, वाफ वर गेली. नार्दोनं सगळ्यांचे पेले एका जगातून भरले आणि बापाचा दुसऱ्या जगातून. भरताक्षणी टेबलाच्या त्या टोकाला वास पसरला. कापेचेनं आजूबाजूला पाहिलं. त्याला आधी वाटलं, बेटावरच्या गंधकाच्या गरम झऱ्यांचा वास असेल. मेनानं आईच्या मांडीवर तोंड वाकडं केलं आणि मान फिरवली. वर्षाच्या पोरीला कळलं. घंटावाल्यानं रुमाल नाकाला लावला. नार्दोनं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

आनिएल्लोंनी पेला उजेडाकडे धरला. मग, सवयीनं, त्यांची नजर तूताकडे गेली, आणि तिथून आपल्या ताटाच्या कडेवर आली.

तुकडा तूताच्या मुठीत होता. हात टेबलाच्या वर होता. ताट दीड हातावर. समोरून वीतो तिच्याकडे बघत होता, डोळ्यांनीच नको म्हणत होता. तिनं तुकडा मेनाच्या हातात दिला.

ताटात तुकडा नाही, ससा आहे. म्हातारा निश्चिंत झाला. त्यांनी नाक पेल्यात घातलं, चांगलं खोल, आणि डोळे मिटले.

"ही," ते म्हणाले, "माझ्या बायकोच्या माहेरच्या अंगणासारखी आहे. पिवळी फुलं. नुकती उमललेली. चाळीस वर्षांत अशी झाली नव्हती."

एर्सीलिया ॲप्रन तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. कुणीतरी फुसकन हसलं आणि ते खोकल्यात लपवलं.

"वा पापा!" नार्दो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "सिन्योर कापेचे, हे तर काहीच नाही. आमचे पापा डोळे बांधूनही ओळखतात. काय पापा? का पाहुण्यांसमोर घाबरलात?"

"मी घाबरलो?" म्हातारा म्हणाला. पण त्याची मान जराशी तूताकडे वळली होती.

नार्दोनं बापाच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला. स्वतःच्या पायातला बूट काढला आणि त्यांच्या नाकाखाली धरला.

आनिएल्लोंनी श्वास घेतला. आता ताट दिसत नव्हतं. मग म्हणाले, "लाकूड. जुनं. चेस्टनटचं पिंप."

या वेळी हसू कुणी लपवलं नाही, पण ते लोक वाहवा केल्यासारखं हसले, टेबल बडवलं, आणि डोळे बांधलेल्या म्हाताऱ्याच्या ओठांवरही हसू उमटलं. त्याला वाटलं, बरोबर आलं. तूता ते हसू बघत होती. तिला ते थांबवायचं होतं, पण तिनं मेनाच्या केसांची फीत नीट केली.

"आता अवघड," नार्दो म्हणाला आणि वीतोला खूण केली.

वीतो आतल्या खोलीत गेला आणि आला. त्याच्या हातात मेनाचा सकाळचा डायपर होता, उघडा. शेजारणीनं "अगं बाई!" म्हणून डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघत राहिली. वीतोनं डायपर बापाच्या नाकाला जवळजवळ टेकवला.

"ओळखा, पापा."

"जवळ आण अजून," ते म्हणाले. त्यांनी मान पुढे केली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "रानपाला. पावसानंतरचा. सशात घालतो तो."

घंटावाला हसून हसून खुर्चीवरून खाली आला. कापेचेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बस्स, बस्स," तो म्हणत होता आणि हसत होता. आणि त्या गदारोळात म्हाताऱ्यानं डोळ्यांवरच्या नॅपकिनसकट तोंड तूता जिथे बसली होती तिकडे वळवलं.

"तूता," ते म्हणाले, "तू सांग. बरोबर आहे ना?"

आणि ती हसली. छातीत कोंडलेलं काहीतरी, भीती असेल, लाज असेल, नाकातून एकदम बाहेर फुटलं, आणि बाहेर आलं ते हसू होऊनच. ते हसू आपलं नव्हतं असं तिनं नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलेलं नव्हतं.

चौदा माणसांच्या हसण्यात म्हाताऱ्यानं ते एक ओळखलं.

त्यांनी स्वतःच गाठ सोडली. वीतोच्या हातात काय आहे ते पाहिलं. आपल्या पेल्याकडे पाहिलं. हसणं एकेका खुर्चीवरून विझत गेलं. नार्दोकडे त्यांनी पाहिलंही नाही. नॅपकिनची नीट घडी घातली, कमरेची किल्ली सोडली, उठून टेबलाला वळसा घालून आले आणि ती तूताच्या ताटाशी ठेवली.

"घे. नाक तुझं आहे."

मग परत आपल्या जागी जाऊन त्यांनी सशाचा एक घास घेतला. सगळे बघत होते. त्यांनी तो सावकाश चावला.

"मऊ झालाय," ते म्हणाले. "एवढं कळतं."

"अहो पापा, थट्टा होती!" नार्दो मागून ओरडला, ते दाराबाहेर पडले तेव्हा. "रुसले बघा म्हातारबुवा! येतील भूक लागली की." आणि मग पाहुण्याकडे वळून, "घ्या, तुम्ही खरी वरची घ्या. ससा गार होतोय."

कापेचेनं पेला भरून घेतला. पहिला घोट घेतला, सशाचा रस्सा पावानं पुसला, दुसरा घोट घेतला. "खरंच की हो," तो म्हणाला. "शेवटी बदाम आहे."

त्या संध्याकाळी आनिएल्लो वरच्या पायरीवर गेले ते आजतागायत तिथेच आहेत. बांधाला लागून हिरव्या दगडात कोरलेली एक खोली आहे, पूर्वी सुगीत गडी झोपायचे ती. एक खाट, एक शेगडी, गॅसचा एक सिलिंडर. तूता रोज डबा घेऊन चढते. दार उघडत नाही. डबा उंबऱ्यावर ठेवते, दुसऱ्या दिवशी तो धुतलेला असतो, आणि बांधापलीकडे पाखरं त्यातलं अन्न टिपत असतात. तळघरात आता ती असते. टँकर महिन्यातून दोनदा येतो. ती नाही म्हणाली होती, नार्दो म्हणाला, "किल्ली दिली म्हणून मळा दिला का?" वीतो हसला.

जानेवारीत वाऱ्यानं त्या खोलीची खिडकी उघडली तेव्हा तिला आतलं दिसलं. शेगडीवर भांडं उतू गेलं होतं, ज्योत विझली होती आणि सिलिंडरची रबरी नळी वळणावर चिरली होती. म्हातारा पाठमोरा, चाकूनं कांदा चिरत होता. तिनं खिडकीतून आरडाओरड केली. त्यांनी तिच्याकडे न बघता शेगडी बंद केली आणि खिडकी लावून घेतली.

ती नवी नळी घेऊन आली. उंबऱ्यावर ठेवली. गॅस सुटला की कर्कश वाजणारं यंत्र आणलं, तेही ठेवलं. तीन आठवडे दोन्ही वस्तू तिथेच आहेत, पुठ्ठा पावसानं फुगलाय. वीतो म्हणतो, "बघू." नार्दो म्हणतो, "गॅसला पिवळ्या फुलांचा वास येतो म्हणतील." गावात कुणाला सांगावं, तर त्या जेवणाची गोष्ट गावात एवढ्यांनी एवढ्या वेळा रंगवून सांगितली आहे की ओळखीचं माणूस पायवाटेला दिसलं की म्हातारा दाराला आतून खाट लावतो. फक्त परक्यांना उघडतो. डोंगर चढायला आलेले, पाठीवर पिशव्या असलेले, ज्यांना काही माहीत नाही असे. त्यांना आत बसवतो, पेला भरून देतो.

म्हणून तूता आता परक्यांनाच सांगते. बसथांब्यावर, धक्क्यावर, कडेवर मेनाला घेऊन, कुणीही दिसलं तरी. तुम्हालाही तिचं एवढंच सांगणं आहे: सेर्राराच्या वरच्या पायवाटेनं जाणार असाल तर तिसऱ्या बांधाशी थांबा. निळं दार आहे. वाजवा आणि तुमचं नाव सांगा, माझं सांगू नका. दार उघडलं की लगेच आत जाऊ नका, उंबऱ्यावर उभं राहून आधी एक खोल श्वास घ्या. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, त्यांना दंडाला धरून बाहेर आणा, मग खिडकी उघडा. ते रागावतील, रागावू द्या. आणि उघडलंच नाही, तर परत वाजवा. निघून येऊ नका, परत वाजवा.